कोकणचे गांधी आणि दोन खड्ड्यांचा संडास

संडास तुंबला, वास मारू लागला किंवा खड्डा भरला की घरात पहिला प्रश्न निघतो, आता कोणाला बोलवायचे? आपली घाण दुसऱ्याने उचलायची, या सवयीविरुद्ध एक उच्चशिक्षित माणूस आयुष्यभर झगडला. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन.

त्यांचा जन्म १८९४ मधला, रत्नागिरी जिल्ह्यातला. महात्मा गांधींचे आत्मचरित्र मराठीत आणले ते त्यांनीच. पण त्यांची खरी ओळख पुस्तकांपेक्षा खराटा आणि फावड्याची. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. तुरुंगात हे काम जातीवरून ठरत असे. ब्राह्मण कैद्याला ते मिळेना. आप्पासाहेबांनी अन्नत्याग सुरू केला. डिसेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला, तेव्हा कुठे सरकार विचार करायला तयार झाले. कैद्याने हलके काम मिळावे म्हणून भांडावे हे समजते. इथे भांडण उलटे होते.

नुसते काम अंगावर घेऊन प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. संडासच असा हवा की तो साफ करताना कोणाला किळस येऊ नये. कणकवलीला १९४८ मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि 'गोपुरी संडास' पुढे आणला. त्याची युक्ती साधी: दोन कप्पे, एक वापरात, दुसरा बंद. बसून झाले की वर माती किंवा पालापाचोळा टाकायचा. कप्पा भरला की तो झाकून दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचे खत होते, आणि ते शेतात जाते.

वैद्यकीय दृष्टीने यातली प्रत्येक पायरी कामाची आहे. झाकलेल्या मैल्यावर माशी बसत नाही, म्हणून हगवण, कॉलरा, विषमज्वराचे जंतू ताटापर्यंत पोचायची एक वाट बंद होते. मैला पडून राहिला, वाळला, की जंतू मरत जातात. जंताची अंडी मात्र चिवट असतात. म्हणून बंद खड्ड्याला किमान एक वर्ष, जमल्यास दीड-दोन वर्षे हात लावू नये.

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत आज दिसणारा दोन शोषखड्ड्यांचा संडास याच विचाराचा. इथल्या काळ्या मातीत पाणी हळू मुरते आणि पावसाळ्यात खड्डा लवकर भरल्यासारखा होतो. अशा वेळी पाणी मागे येऊ लागले तर आधी दोन खड्ड्यांमधले चेंबर उघडून पाहावे. अनेकदा तिथे कापड किंवा प्लास्टिक अडकलेले असते. हातमोजे घालून, लांब काठीने ते काढता येते. खड्डा खरोखर भरला असेल तर त्याच्याकडे जाणारे तोंड विटेने आणि मातीने बंद करून दुसऱ्याचे उघडायचे. काम अर्ध्या तासाचे.

वास येतो म्हणून खड्ड्यात ॲसिड ओतणे ही मोठी चूक. मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना जाळतो. भांड्याच्या वाकात पाणी राहते ना, हे पाहावे. तेच पाणी खालचा वास अडवते. ते टिकत नसेल तर भांड्याला किंवा वाकाला तडा गेलेला असतो आणि तो भाग बदलावाच लागतो.

सेप्टिक टँकमध्ये मात्र कोणीही उतरू नये. घरच्यांनीही नाही आणि रोजंदारीवर बोलावलेल्या माणसानेही नाही. आतल्या विषारी वायूने दोन श्वासांत शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. तिथे यंत्राची गाडीच लागते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे. तरीही माणसे उतरवली जातात, मरतात, आणि ती बहुतेक त्याच जातींची असतात ज्यांच्या वाट्याला तुरुंगातले ते काम येत असे.

आप्पासाहेब १९७१ मध्ये गेले. कणकवलीचा गोपुरी आश्रम अजून आहे.