विल्यम हेन्री साइक्स

विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, निसर्गअभ्यासक व सांख्यिकीतज्ज्ञ होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांचे पहिले विस्तृत शास्त्रीय सर्वेक्षण त्यांनी केले. दख्खनच्या पठारावरील ज्वालामुखीजन्य खडकांचे आरंभीच्या काळातील पद्धतशीर वर्णन त्यांच्या नावावर आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतून वाहणाऱ्या भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांचा प्रदेश याच सर्वेक्षणाच्या कक्षेत येतो.

पूर्वायुष्य

साइक्स हे इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याचे. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, त्यांनी कंपनीच्या लष्करात प्रवेश केला आणि पुढच्याच वर्षी ते भरतपूरच्या वेढ्यात होते. हिंदुस्थानी व मराठी या भाषांच्या दुभाषी परीक्षा ते उत्तीर्ण झाले. मराठीचे हे ज्ञान पुढे त्यांना शस्त्रापेक्षा अधिक उपयोगी पडले. नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या सैन्याविरुद्ध लढले. त्या काळी शिरूर (घोडनदी) हे कंपनीच्या फौजेचे मोठे ठाणे होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली तुकडी तेथूनच निघाली होती. ज्या भूमीवर साइक्स सैनिक म्हणून आले, तिचीच मोजदाद काही वर्षांनी त्यांच्याकडे आली.

दख्खनचे सर्वेक्षण

१८२० ते १८२४ या काळात त्यांनी युरोपचा प्रवास केला. परतल्यावर ऑक्टोबर १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी वृत्तलेखक या पदावर नेमणूक केली. नव्याने हाती आलेल्या मुलखाचे उत्पन्न, जमिनीची धारणपद्धती, पिके, लोकसंख्या, हवामान यांची नोंद करणे हे काम होते. हेतू उघडपणे महसुलाचा होता. परंतु साइक्स यांची जिज्ञासा सरकारी तक्त्यांत मावणारी नव्हती. मिरासदारांच्या हक्कांबरोबरच ते खडक, पक्षी, मासे आणि हवेचा दाबही टिपत गेले.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने हे पदच रद्द केले. काम पुरे झालेले नव्हते. पद गेले तरी साइक्स यांनी ते हातचे सोडले नाही. जानेवारी १८३१ पर्यंत काम पूर्ण करून मगच ते मायदेशी परतले. हे घडले नसते, तर पुढील दशकातील त्यांचे बहुतेक निबंध लिहिलेच गेले नसते.

लाव्हाच्या थरांचा अभ्यास

दख्खनविषयीचा त्यांचा भूवैज्ञानिक निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला. बेसाल्ट हा खडक पाण्यात साचून झाला की अग्नीतून, हा युरोपातील वाद शमून त्या वेळी फार काळ लोटला नव्हता. व्हेसुव्हियस किंवा एटना यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या अभ्यासकाला उद्रेक डोळ्यांनी पाहता येत असे. साइक्स यांच्यासमोर ना धुमसणारे शिखर होते, ना ज्वालामुख. होते ते फक्त एकावर एक रचलेले आडवे थर.

त्यांनी हे थर डोंगरांच्या उभ्या कड्यांवर पाहिले. घट्ट काळ्या बेसाल्टाचा एक थर, मग पोकळ्यांनी भरलेला कुहरी बेसाल्टाचा थर, पुन्हा घट्ट थर, अशी आलटूनपालटून रचना त्यांनी वर्णिली. मधूनमधून आढळणारे तांबड्या लोहयुक्त मातीचे पट्टे, स्तंभाकार बेसाल्ट, थरांना छेदून जाणाऱ्या भित्ती, पोकळ्यांतील झिओलाइट व गारगोटीचे स्फटिक यांच्याही नोंदी त्यांनी केल्या. शिरूर-दौंड भागात विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो आणि कधी मध्येच गेरूसारखा तांबडा थर निघतो. साइक्स यांनी कड्यांवर जे वाचले त्याचाच हा एक तुकडा होय.

तांबड्या पट्ट्यांचे महत्त्व पुढे अधिक स्पष्ट झाले. दोन उद्रेकांमध्ये खंड पडला की लाव्हाचा पृष्ठभाग झिजून त्याची माती बनते आणि नवा लाव्हा तिला भाजून काढतो. असा पट्टा म्हणजे ज्वालामुखीच्या विश्रांतीची खूणच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे उद्रेक झाले. त्यांत शंकूच्या आकाराच्या पर्वताऐवजी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला. आज या दक्षिण ट्रॅपने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला असून सह्याद्रीचे टप्प्याटप्प्याचे कडे पाहिले की तो पटतो. या खडकांचे वय मात्र साइक्स यांना ठरवता आले नाही. त्यासाठी लागणारे जीवाश्म पुढे नागपूर भागात हिस्लॉप व हंटर यांनी अभ्यासले.

शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर, निघोज व टाकळी हाजी यांच्या दरम्यान, कुकडी नदीने याच बेसाल्टात कोरलेले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. त्याच नदीकाठी जुन्नर तालुक्यातील बोरी येथे ज्वालामुखीची राख सापडते. ती मात्र दख्खनची नव्हे, तर सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत.

हवामान व प्राणिजीवन

उंची मोजण्यासाठी साइक्स वायुभारमापक वापरीत. काचेच्या नळीतील पारा सांभाळत घाट चढणे सोपे नव्हते. या नोंदींतून दख्खनच्या पठारावर हवेचा दाब दिवसातून दोनदा ठराविक वेळी वाढतो व दोनदा उतरतो, हे त्यांनी दाखविले. हा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

मुरमाड माळावर आढळणाऱ्या एका चंडोलाला त्यांनी १८३२ मध्ये देवा आणि एका वटवट्याला रामा ही जातिनामे दिली. दोन्ही आजही प्रचलित आहेत. माशांच्या बाबतीत तर त्यांनी स्थानिक नावेच शास्त्रात नेली. खुद्री, कोळस, मल्या, फुलंगी ही जातिनामे जगभरच्या ग्रंथांत आहेत. ती सांगणाऱ्या नदीकाठच्या मच्छीमारांची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत. कोळसून या रानकुत्र्यास त्यांनी नवी जाती मानले, पण पल्लास या शास्त्रज्ञाने तिचे नामकरण आधीच केलेले होते.

उत्तरायुष्य

१८३३ मध्ये साइक्स लष्करातून निवृत्त झाले व १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. पुढे १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. दख्खनच्या चार जिल्ह्यांच्या आकडेवारीचा त्यांचा अहवाल ब्रिटिश असोसिएशनपुढे १८३७ मध्ये सादर झाला. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबरडीनचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत होते. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.