सआदत हसन मंटो : फाळणीच्या संहाराचा कथाकार

कळंबसारख्या विदर्भातील गावी राहून अभ्यास करताना पंजाबची फाळणी तुम्हांला दूरची वाटेल. परंतु त्या संहाराचा सर्वांत निर्भीड कथाकार महाराष्ट्राच्या राजधानीत घडला, हे ध्यानात घ्या.

जीवनपट

मंटो यांचा जन्म ११ मे १९१२ रोजी लुधियाना जिल्ह्यातील समराळा येथे झाला. बालपण अमृतसरला गेले. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या वेळी ते सहा वर्षांचे होते. पुढे त्यांची पहिली कथा याच घटनेवर आधारलेली होती. १९३६ मध्ये ते मुंबईस आले. 'मुसव्विर' या चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादन आणि पटकथालेखन ही त्यांची उपजीविका होती. दिल्ली आकाशवाणीवरील अल्पकाळ वगळता मुंबई हेच त्यांचे घर राहिले. येथील चाळी, इराणी हॉटेले आणि वेश्यावस्ती यांतून त्यांना माणसे भेटली.

१९४७ मध्ये वातावरण बिघडले. बॉम्बे टॉकीजमधील मुसलमानांच्या नेमणुकांवरून धमकीची पत्रे येऊ लागली. अखेर जानेवारी १९४८ मध्ये मंटो लाहोरला गेले. मुंबईचा वियोग त्यांना अखेरपर्यंत सलत राहिला.

कथांतील वास्तव

त्यांच्या कथांत लढाया नाहीत, नेते नाहीत. संहारानंतर उरलेला माणूस आहे. 'खोल दो' मधील वृद्ध सिराजुद्दीन हरवलेल्या मुलीला शोधतो. तिच्यावर अत्याचार करतात ते तिच्याच धर्माचे स्वयंसेवक. खिडकी उघडण्याविषयी डॉक्टरांनी उच्चारलेले शब्द ऐकून अर्धमेली मुलगी यांत्रिकपणे वस्त्र सैल करते. डॉक्टर हादरतात, बापाला मात्र ती जिवंत असल्याचा आनंद होतो. लेखक येथे एकही भाष्य करीत नाही. दोष एका जमातीवर न लोटता क्रौर्य जसेच्या तसे समोर ठेवणे, हे या वास्तववादाचे मर्म होय. 'टोबा टेकसिंह' मध्ये दोन देश वेड्यांची वाटणी करतात आणि बिशनसिंह सीमांमधील निर्नाव जमिनीवर कोसळतो. वेडा कोण, हा प्रश्न वाचकापाशी उरतो.

मोजलेली किंमत

अश्लीलतेच्या आरोपाखाली मंटोंवर सहा खटले झाले : तीन फाळणीपूर्वी, तीन पाकिस्तानात. अत्याचार घडले याची लाज समाजाला वाटण्याऐवजी ते लिहिले गेले याचीच अधिक वाटली, असे यातून दिसते. दारिद्र्य आणि मद्यासक्ती यांनी खचलेले मंटो १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोर येथे निवर्तले. तेव्हा त्यांचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'खोल दो' कथेत अत्याचारी मुलीच्याच धर्माचे दाखवल्यामुळे कथेच्या आशयात काय भर पडते?
२. निवेदकाने भाष्य टाळल्याने वाचकावर कोणती जबाबदारी येते? तुमच्या वाचनातील एका मराठी कथेशी तुलना करून लिहा.