कॅप्टन स्टाँटन : भीमा कोरेगावचा इंग्रज अधिकारी

१ जानेवारी जवळ आली की यवतमाळ जिल्ह्यातूनही गाड्या भरून समाजबांधव भीमा कोरेगावला निघतात. वाटेत कॅप्टन स्टाँटनचे नाव हमखास निघते. कुणी त्याला आपला मुक्तिदाता ठरवतो, कुणाला फक्त नावच ठाऊक असते. हा माणूस नेमका कोण होता, हे आपण नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

फ्रान्सिस स्टाँटन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. १८१७ च्या अखेरीस तो शिरूरच्या छावणीत होता. पुण्यातल्या कर्नल बरला पेशव्याच्या हल्ल्याची भीती होती, म्हणून त्याने कुमक मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री स्टाँटन निघाला. सोबत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ, अडीचशेच्या वर घोडेस्वार, दोन तोफा आणि त्यावरचे युरोपियन तोफची.

रात्रभर चालून सकाळी ते कोरेगावजवळ पोचले, तर भीमेपलीकडे पेशव्याची सुमारे २८ हजारांची फौज. स्टाँटनने गावाचा आसरा घेतला. पेशव्याने सगळी फौज घातली नाही. अरबांसह पायदळाच्या तुकड्या गावात शिरल्या आणि गल्लीबोळांत दिवसभर लढाई चालली. सैनिकांना ना अन्न, ना पाणी. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला. लेफ्टनंट पॅटिन्सन जबर जखमी असतानाही लढला आणि पुढे त्याच जखमांनी गेला. डॉक्टर विंगेटही मारला गेला. काहींनी शरण जाण्याचा आग्रह धरला, पण स्टाँटन हटला नाही. रात्री हल्ला थांबला. दुसऱ्या रात्री जखमींना घेऊन तो शिरूरला परतला. ८३४ पैकी २७५ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले होते.

पेशवाई त्याच दिवशी संपली नाही. बाजीराव पळत पळत आपल्याच जिल्ह्यात आला. एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ कर्नल अॅडम्सने त्याला हरवले आणि जूनमध्ये तो माल्कमला शरण गेला. कोरेगावची ती रात्र आणि आपली माती अशी एकाच युद्धाने जोडलेली आहे.

स्टाँटनला बढती मिळाली, कंपनीकडून मानाची तलवार आणि रोख बक्षीस मिळाले. १८२५ साली तो वारला. तो जातिअंतासाठी लढला नव्हता. तो पगारी अधिकारी होता आणि कंपनीचे राज्य वाढवायला आला होता. त्याच कंपनीच्या वारसदार सरकारने १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. जुन्या शौर्याची आठवण देत दाद मागायची वेळ गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकावर आली.

मग आपण तिथे का जातो? स्टाँटनसाठी नाही. १८२१ साली पायाभरणी झालेल्या त्या स्तंभावर त्या लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यातली २२ नावे 'नाक' प्रत्ययाची आहेत. सोमनाक कमळनाक, रामनाक येसनाक. ज्यांची सावलीही पेशवाईत विटाळ मानली गेली, त्यांची नावे दगडात कोरली गेली. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले ते हीच आठवण जागवायला.

बाकीच्या नावांत मराठा आणि मुसलमान सैनिकही आहेत, हे सांगायला आपण कचरू नये. आकडे फुगवले की विरोधक त्याच आकड्यांवर बोट ठेवून सगळा इतिहासच खोटा ठरवतात. जे आहे तेवढेही पुरेसे मोठे आहे.

तरुण मित्रांनो, यंदा मानवंदना देऊन लगेच फिरू नका. थांबा, ती २२ नावे मोठ्याने वाचा, लहानग्यांना वाचायला लावा. स्टाँटनला इतिहासात त्याची जागा आहेच. आपल्या पूर्वजांची जागा मात्र आपल्यालाच राखावी लागेल.

जय भीम!