विमानकार कुर्ट टँक

विमानाची कथा सांगावयाची म्हटले की बहुधा वैमानिकाचीच कथा सांगितली जाते. ज्याने कागदावर रेघा ओढून ते विमान प्रथम आपल्या मनात उडविले, त्याचे नाव पुष्कळदा मागे राहते. कुर्ट टँक हा असाच एक विमानकार होय. त्याच्या आडनावाचा रणगाड्याशी काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे! तो जर्मन खरा; परंतु त्याचे अखेरचे मोठे विमान आपल्या बंगळुरास घडले, म्हणूनही त्याचे चरित्र आम्हांस येथे सांगावेसे वाटले.

टँकचा जन्म २४ फेब्रुवारी १८९८ रोजी ब्रोमबर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात तो घोडदळात होता. पुढे बर्लिनला विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यास करून तो विमानांच्या व्यवसायात शिरला आणि १९३१ साली ब्रेमेनच्या फोके-वुल्फ कंपनीत आला. आपण आखलेली विमाने तो स्वतः उडवून पाहत असे. त्याच्या 'काँडॉर' या प्रवासी विमानाने १९३८ साली बर्लिनहून निघून, वाटेत कोठेही न उतरता, सुमारे २५ तासांत न्यूयॉर्क गाठले.

घोडदळातील दिवस मात्र तो विसरला नव्हता. त्या काळची नामांकित लढाऊ विमाने त्याला शर्यतीच्या घोड्यांसारखी वाटत : वेगवान, पण नाजूक. त्याला हवा होता पलटणीचा घोडा. खडबडीत मैदानावर उतरणारा, मार सोसणारा आणि साध्या कारागिरांच्या हातीही नीट राहणारा. या विचारातून 'फोके-वुल्फ १९०' जन्मास आले. १ जून १९३९ रोजी त्याने पहिली भरारी घेतली. त्याच्या चाकांमधील अंतर ऐसपैस होते, आणि त्याचे १४ नळकांड्यांचे बी. एम. डब्ल्यू. इंजिन पाण्याने नव्हे, तर हवेने थंड होई. १९४१ साली इंग्लिश खाडीवर हे विमान दिसू लागले, तेव्हा ब्रिटिशांच्या त्या वेळच्या स्पिटफायरला ते भारी पडले.

परंतु या घोड्यास उंचावर दम लागे. आकाशात जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. इंजिनास पुरेसा प्राणवायू मिळावा म्हणून हवा दाबून भरावी लागते. ही व्यवस्था त्या इंजिनात सुमारे ६ किलोमीटरपर्यंतच पुरेशी होती. अमेरिकन बाँबफेकी विमाने तर ७-८ किलोमीटरवरून येऊ लागली होती. टँकला हे वैगुण्य ठाऊक होते. पण विमान आखणे त्याच्या हाती असले, तरी इंजिन दुसऱ्यांच्या कारखान्यात तयार होई.

अखेर त्याने युंकर्स कंपनीचे 'युमो २१३' हे द्रवाने थंड होणारे इंजिन घेतले. ते लांबट असल्याने विमानाचे नाक लांबले. तोल साधावा म्हणून शेपटाकडे सुमारे अर्ध्या मीटरचा तुकडा जोडावा लागला. हेच ते 'डी-९'. पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडले की त्याची शक्ती काही मिनिटे २००० अश्वशक्तीहून अधिक होई. प्रथम वैमानिक साशंक होते, कारण हे तर बाँबफेकी विमानाचे इंजिन! उडवून पाहिल्यावर त्यांची शंका फिटली. १९४४ च्या ऑक्टोबरात या विमानांना आख्मर व हेसेपे येथील तळांवर जेट विमानांचे रक्षण करण्याचे काम मिळाले. उतरताना जेटचा वेग मंदावे आणि नेमके तेव्हाच शत्रू त्याला गाठी.

टँकच्या दृष्टीने डी-९ ही केवळ मधली सोय होती. त्याचे मन गुंतले होते 'टा १५२' मध्ये. त्याच्या आडनावाची अक्षरे विमानास देण्याचा मान त्याला मिळाला होता. यातील 'एच' प्रकाराचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे १४.४ मीटर होते; मूळ १९० चे १०.५ मीटर. वैमानिकाच्या कोठडीत हवेचा दाब राखलेला असे, आणि अतिउंचावर इंजिनास नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्यांकडील हसविणारा वायू, दिला जाई. १२ किलोमीटरहून अधिक उंचीवर लढण्याकरिता ते केले होते. प्रत्यक्षात १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश टेंपेस्ट विमानांशी त्याची गाठ पडली, ती जमिनीलगत! अशी विमाने शंभरही झाली नाहीत. तोवर इंधन संपत आले होते आणि अपुऱ्या शिक्षणाची कोवळी मुले वैमानिक म्हणून पाठविली जात होती.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ही विमाने हिटलरच्या राजवटीसाठी बनत होती, आणि पकडून आणलेल्या परदेशी मजुरांना या कारखान्यांत सक्तीने राबविले जात होते. टँकची बुद्धी वाखाणताना त्यांचे हात दृष्टीआड करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

युद्धानंतर, १९४७ साली, टँक अर्जेंटिनास गेला. तेथे 'पुल्की २' हे जेट त्याने उडविले. पण पुढे तेथील सत्ताच उलटली. १९५६ साली तो काही जर्मन सहकाऱ्यांसह भारतात आला. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्याने भारतीय अभियंत्यांसमवेत 'मरुत' आखले. आधी लाकडी, बिनइंजिनाची प्रतिकृती उडवून पाहिली गेली. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे मरुत आकाशात नेले.

आणि येथेही तेच दुर्दैव आडवे आले! ज्या जोरकस ब्रिटिश इंजिनावर भिस्त होती, त्याचे काम मध्येच थांबले. लहान 'ऑर्फियस' इंजिनांच्या जोडीवर भागवावे लागले, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न कागदावरच राहिले. तरीही एकूण १४७ मरुत तयार झाली. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी कामगिरी बजावली. एक इंजिन निकामी होऊनही काही मरुत आपल्या तळावर परतली. पलटणीचा घोडा तो हाच.

टँक तोवर जर्मनीस परतला होता. ५ जून १९८३ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले. मरुत १९९० साली वायुदलातून निवृत्त झाले. त्यातील एक बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात जतन करून ठेवले आहे.