बटलरची नोकरी आणि समाजाचे पत्र : शिवराम जानबा कांबळे

‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही नावे आपल्या वस्तीतल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. त्यांतला पहिला ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याच्या साडेअकरा वर्षे आधी, १ जुलै १९०८ रोजी, पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ नावाचे मासिक सुरू झाले होते. बाबासाहेब तेव्हा मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. हे मासिक काढणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांची ओळख नव्या पिढीला व्हावी, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

शिवराम जानबांचा जन्म १८७५ चा. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. म्हणजे दिवसभर साहेबलोकांच्या टेबलाची व्यवस्था पाहायची आणि उरल्या वेळात समाजाचे काम करायचे. १९०२-०३ च्या सुमारास त्यांनी सासवडला ५१ गावच्या महार बांधवांची सभा भरवली आणि १५८८ सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्या काळी आपल्यात सही करता येणारी माणसे किती होती, याचा विचार केला म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

अर्जातले मुख्य गाऱ्हाणे नोकरीचे होते. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती थांबवली. पलटणीत गेलेल्या बापाला पगार होता, शिक्षण होते, अंगावर गणवेश होता. पोराच्या वाट्याला पुन्हा वेसकरीची काठी आली. १९१० मध्ये जेजुरीला परिषद भरली आणि थेट विलायतेच्या मंत्र्याकडे, अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे, निवेदन गेले. लष्कर आणि पोलीस खात्याची दारे उघडा, ही त्यातली मागणी.

मासिकाचे नाव आज आपल्या कानाला खटकेल. बौद्ध झालेल्या माणसाला सोमवंश कशाला हवा? पण दुसऱ्याने दिलेल्या हिणकस नावापेक्षा आपण निवडलेले नाव लावायचे, एवढी हिंमत त्यात होती हे आपण विसरू नये.

आमच्या मते या मासिकाचे सर्वांत मोठे काम मुरळ्यांसाठी झाले. जेजुरीच्या खंडोबाला नवसाने मुली सोडायच्या आणि देवाच्या नावाखाली त्यांच्या जिण्याचे मातेरे व्हायचे, ही चाल आपल्याच घरांत होती. घरातली घाण चारचौघांत काढायला मोठी छाती लागते. शिवराम जानबांनी ती काढली आणि मुरळ्यांनी हे जिणे सोडावे असे छापून आवाहन केले. त्याला साद दिली शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीने. तिचे पत्र १९०९ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’मध्ये छापून आले. जिला गावाने नुसते नाचताना पाहिले होते, तिचे म्हणणे आता गावाला वाचावे लागले. गोष्ट इथेच थांबली असती तर ती कागदावरची सुधारणा झाली असती. पण शिवराम जानबांचे सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड पुढे आले आणि त्यांनी शिवूबाईंशी रीतसर लग्न केले. सुधारणेवर व्याख्यान देणारे पुष्कळ असतात हो, पण मुरळीला सून म्हणून घरात घेणारे किती?

मासिक फार वर्षे चालले नाही. १९१० नंतर त्याचे नाव मागे पडले. बटलरच्या पगारात पदरमोड करून छापखाना किती दिवस सांभाळायचा, हे स्मरणिकेसाठी वर्गणी गोळा करत फिरलेल्यांना वेगळे सांगायला नको.

काम मात्र थांबले नाही. कोरेगावच्या विजयस्तंभाजवळ ते सभा भरवीत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले ते अशाच सभेसाठी. १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीच्या मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला, तेव्हा शिवराम जानबा चोपन्न वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी सत्याग्रहाचे पुढारपण घेतले. १३ ऑक्टोबरला सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. एस. एम. जोशींसारखे सवर्ण तरुणही या लढ्यात होते. पर्वतीचे दार काही तेव्हा उघडले नाही.

दुसरे दार मात्र त्यांच्या हयातीत उघडले. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि पुढल्याच वर्षी, १९४२ मध्ये, शिवराम जानबा गेले. त्या रेजिमेंटच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा तोच स्तंभ होता.