डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन

वरकुट्याच्या आसपास वाढलेल्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं समुद्र पाहिलेला नाहीं. परंतु पाणी कोठून येतें, किती येतें आणि यंदा कमी कां आलें, हे प्रश्न या भागांत पोरासोरांसही ठाऊक आहेत. हेच प्रश्न ज्यांनीं महासागरास विचारले, त्या डॉ. नान्सेन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म नॉर्वेची राजधानी ख्रिस्तियानिया (हल्लींचें ऑस्लो) हिच्यानजीक १० ऑक्टोबर १८६१ रोजीं झाला. शिक्षणानें ते प्राणिशास्त्रज्ञ. १८८८ सालीं पांच सोबत्यांसह त्यांनीं हिमाच्छादित ग्रीनलंड पायीं ओलांडिलें.

१८८१ सालीं 'जीनेट' नांवाचें जहाज सायबेरियाच्या उत्तरेस बर्फांत चिरडून बुडालें होतें. तीन वर्षांनीं त्यावरील वस्तू थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सांपडल्या! यावरून नान्सेन यांनीं ताडिलें कीं, ध्रुवप्रदेशांतून बर्फ वाहून नेणारा प्रवाह असला पाहिजे. बर्फाचा दाब येतांच चिरडण्याऐवजीं वर उचललें जाईल, असें गोल बुडाचें 'फ्राम' जहाज त्यांनीं बांधविलें आणि अनुभवी दर्यावर्दी मना करीत असतां १८९३ सालीं तें मुद्दाम बर्फांत अडकविलें. अनुमान चुकतें तर तेरा माणसांचे प्राण जाते. जहाज ध्रुवावरून जात नाहीं असें दिसतांच मार्च १८९५ मध्यें ते योहान्सेन या सोबत्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले व ८६° १४′ उत्तर अक्षांशापर्यंत पोहोंचले. तोंवर इतक्या उत्तरेस कोणीही गेलें नव्हतें. परततांना दगडी खोपटांत अस्वलाच्या मांसावर हिंवाळा काढावा लागला. ऑगस्ट १८९६ मध्यें 'फ्राम'ही सुखरूप बाहेर आलें.

या साहसाचें कौतुक पुष्कळ झालें. आमच्या मतें त्याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. वरच्या गार पाण्याखालीं सुमारें २०० मीटरांवर त्यांस शून्य अंशाहून उबदार असा थर आढळला. तें अटलांटिकचें पाणी होतें. नॉर्वेजियन समुद्रांत शिरून तें उत्तरेस जातें. एक फांटा बॅरेंट्स समुद्राकडे वळतो, दुसरा स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेनें पुढें जातो. तें उबदार असूनही अधिक खारट, म्हणून जड. यास्तव खालीं राहतें.

पण हा ओघ दरसाल सारखाच असतो काय? विहीर एकदां डोकावून पाहिल्यानें दुष्काळ कळत नाहीं. खोल पाण्याचा नमुना आणण्याची त्यांनीं सुधारलेली बाटली पुढें त्यांच्याच नांवानें जगभर वापरली गेली. हेलांड-हान्सेन यांच्यासह १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, प्रवाहाबरोबर येणारी उष्णता वर्षागणिक बदलते आणि नॉर्वेचा हिंवाळा व मासेमारी यांशीं तिचा संबंध आहे.

पहिल्या महायुद्धानंतर निर्वासितांचा व रशियांतील दुष्काळपीडितांचा भार त्यांनीं अंगावर घेतला. ज्यांस कोणताच देश उरला नव्हता, त्यांस 'नान्सेन पारपत्र' मिळालें. १९२२ सालच्या नोबेल शांतता पारितोषिकाची रक्कमही त्यांनीं याच कामीं खर्चिली. १३ मे १९३० रोजीं ते निवर्तले.

मोजणी मात्र थांबली नाहीं. अलीकडच्या दशकांत बॅरेंट्स समुद्रांत येणारें अटलांटिकचें पाणी अधिक ऊन झालें असून तेथील हिंवाळी बर्फ फार घटलें आहे. यांत निसर्गाचा स्वाभाविक चढउतार किती व मनुष्यकृत तापवाढ किती, हें शंभर वर्षांच्या नोंदींवांचून सांगतां येत नाहीं. २०१९ सालीं जर्मनीचें 'पोलारस्टर्न' जहाज 'फ्राम'प्रमाणेंच बर्फांत मुद्दाम अडकवून घेण्यांत आलें, आणि बर्फाखालचें पाणी पुनः मोजिलें गेलें.