शुश्रूषेला प्रतिष्ठा देणाऱ्या रमाबाई रानडे

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे अल्पचरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला नाव शोधावे लागले नाही. जळगाव व धुळे येथील रुग्णालयांच्या बालविभागांत मी तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून काम केले. आपल्याकडील साध्या पापभीरू घरांतून मुली या कामास येऊ लागल्या, त्याचे पुष्कळसे श्रेय कै. रमाबाई रानडे यांचे आहे. बहुतेक भगिनी त्यांना न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून ओळखतात. ती ओळख खरी, पण अपुरी.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६३ रोजी, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. पती महादेव गोविंद रानडे तीस ओलांडलेले, विद्वान. त्यांनी पत्नीस स्वतः शिकवावयास घेतले, आणि त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या बायकांचा राग मात्र या लहान मुलीस सोसावा लागला. शिकवणारा बाहेर आणि बोलणी खाणारी स्वयंपाकघरात, हा प्रकार आपल्यापैकी कित्येकींना नवा नाही.

आपल्या खानदेशाशीही त्यांचा संबंध आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १८७९ साली पुण्यात बुधवारवाडा जळाला. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे दिवस होते. सरकारचा संशय रानड्यांवरही गेला, आणि ऐन उन्हाळ्यात त्यांची धुळ्यास तडकाफडकी बदली झाली. काही काळ त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. रमाबाई त्या वेळी अवघ्या सोळा वर्षांच्या. धुळ्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना त्या घरातील ते दिवस कसे असतील हे सांगावयास नको.

पुढे १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज निघाला, १८८४ साली मुलींच्या हायस्कुलाची खटपट झाली. या सर्वांत रमाबाई होत्या. १९०१ साली न्यायमूर्ती वारले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. अडतिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या या बाई काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. मग मात्र त्या अशा बाहेर पडल्या की १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने स्वतःच्या वाड्यातच त्यांनी पुण्याचे सेवासदन सुरू केले.

सेवासदनात शिवण होते, शिक्षण होते; परंतु मला सर्वांत धाडसाचे वाटते ते शुश्रूषेचे शिक्षण. त्या काळी सरकारी दवाखान्यांतील नर्सेस बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा देशी ख्रिस्ती असत. सोवळ्यात वाढलेल्या विधवेने परक्या पुरुषांच्या वॉर्डात जावे, कोणत्याही जातीच्या रोग्याची ओकारी व मळ स्वतः काढावा, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. रमाबाईंनी घरोघरी पालकांची समजूत घातली आणि मुली व विधवा ससून रुग्णालयात शिकावयास पाठविल्या.

एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घ्यावयास व्यासपीठावर आली, तेव्हा गच्चीत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. रमाबाई एरवी शांत. त्या दिवशी उठल्या आणि त्या मुलांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. दुष्ट रूढीने गांजलेल्या आपल्याच बहिणीला हसणाऱ्यांनी स्वतःस सुशिक्षित कसे म्हणवावे, असा त्यांचा रोख होता. आळंदीच्या यात्रेतही सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या स्त्रियांच्या सेवेस जात. यात्रा आणि पटकी यांची त्या काळी जोडीच असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाची किंमत कळते.

आता मी जो वॉर्ड पाहिला त्याविषयी थोडे सांगते. मे-जूनमध्ये खानदेशात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि जुलाब-ओकारीची पोरे येऊ लागतात. टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, रडले तरी अश्रू नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश बसते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीस पुष्कळ घरांत जुलाब लागले की पाणी बंद करीत. काहींच्या पोटावर बिब्ब्याचे डाग असत. अशा पोराला आधी पाणी हवे असते. अगदीच गळून गेले असेल तर शिरेतून सलाईन लागते. बाकीच्यांना मीठ-साखरेचे पाणी पुरते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी तोंडाने पाजून पटकीचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. तेथे पाजणारे बहुतेक रोग्यांचे नातलगच होते.

पाजणे म्हणजे काय, ते मात्र बसून पाहावे. एका-दोन मिनिटांनी एक चमचा. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. अंगावरचे दूध बंद करावयाचे नाही. किती जुलाब, लघवी किती वेळा, वजन किती, हे सारे लिहावयाचे. रात्री दोन वाजता अशी चार पोरे एकीकडे असली, म्हणजे औषधापेक्षा जागे राहणाऱ्या शिकलेल्या बाईची गरज कळते. ती बाई तयार करण्याची रीत रमाबाईंनी आपल्या समाजात घालून दिली, असे मला वाटते.

घरी पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो. हे पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. आता जस्ताच्या गोळ्याही चौदा दिवस देतात, जुलाब थांबले तरी. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, शौचात रक्त दिसले, तर घरी वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

रमाबाई १९२४ साली वारल्या. १९६२ साली सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. ज्यांच्या घरचे टपाल धुळ्यात फोडले जाई, त्यांचेच हे तिकीट, याचे मला राहून राहून हसू येते. त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ या पुस्तकाची एक प्रत मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना वाचावयाची असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावी.